एसेनकुल अता मोबाइलवर बोलतात

दुपारच्या पंगती ऐन रंगात आल्या होत्या आणि सगळ्या गावाच्या खिशात एकदम भूत शिरलं.

एसेनकुल अता, म्हणजे एसेनकुल आजोबा, जाऊन वर्ष झालं म्हणून त्यांच्या अंगणात आख्खं तेरेक-बुलाक गाव जेवायला जमलं होतं. घोडा कापला होता, कढया उकळत होत्या, म्हाताऱ्यांच्या हातात कुमीसचे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे होते. हाडं चोखता चोखता लोकांचे मोबाइल गुरगुरायला लागले. एकाचा नाही, दोघांचा नाही, सगळ्यांचे. पंगतीतल्या बाप्यांचे, चुलीपाशी बसलेल्या बायकांचे, माझासुद्धा. काढून बघते तर पडद्यावर साक्षात एसेनकुल अता! तीच पांढरी उंच टोपी, तीच दाढी. फक्त डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं, आणि खाली अक्षरं होती: "माझ्या घरात जिन्न आहे. त्याच्या हातचं तुम्ही खाताय."

कुणी घास थुंकला, कुणी किंचाळलं. एका बाईच्या हातातला कढत चहा तिच्याच मांडीवर सांडला आणि भाजल्याचं तिला कळलंही नाही. पोरं रडायला लागली.

"मी सांगत नव्हतो?" तोक्तोमुश बक्शी पंगतीतून उठला. "मी इथे आलो नाही, मंडळी! मला आणलं गेलंय! माझ्या या घुबडाला अंधारात दिसतं आणि मेलेल्यांचं ऐकू येतं. हे तीन दिवस जेवलेलं नाही! का? तर या घराला वास येतोय!"

बक्शी म्हणजे जिन्न हाकलणारा. उजव्या हातात चामडी चाबूक, अंगावर मखमली झगा, डावा हात कायम झग्याच्या खिशात, "ताईत धरून". आणि समोर काठीवर बसवलेलं ते घुबड. घुबड भुसा भरलेलं. ते तीन दिवस काय, दहा वर्षं जेवलेलं नसणार! मेलेल्या पक्ष्याच्या मनातलं याला कळतं म्हणे. मला माझ्या जित्याजागत्या नवऱ्याच्या मनातलं पंचवीस वर्षांत कळलं नाही.

मी बुरुलसुन. गाव मला एजे म्हणतं, म्हणजे ताई. गावच्या दवाखान्यात बसते. डॉक्टर तालुक्याला असतो, इथे टाके घालायला, इंजेक्शन टोचायला मीच. असल्या बक्शींचा आणि माझा जुना संबंध आहे. ते जिन्न उतरवतात आणि उतरवलेली माणसं मग माझ्याकडे येतात, पाठ सोललेली, बरगडी मोडलेली. खालच्या गावातली एक पोर तर माझ्यापर्यंत आलीच नाही. तिला फिट्स येत होत्या, साध्या गोळीनं थांबल्या असत्या. तिला अंगणातून सरळ कबरस्तानात नेलं. तेव्हापासून चाबूक दिसला की माझं डोकं फिरतं.

"अता!" बक्शी आभाळाकडे तोंड करून ओरडला. "पाक रूह, पवित्र आत्म्या! सांग! जिन्न कुणात आहे?"

सगळ्यांनी मोबाइल छातीशी धरले. क्षणभर कढयांचा रटरटाट तेवढा ऐकू येत होता. मग पडदे हलले, अक्षरं बदलली.

"सुनेत."

एकच शब्द. आणि सगळ्या माना चुलीकडे वळल्या.

चुलीपाशी सेझिम उभी होती, हातात पळी. एसेनकुल अतांची सून. नवरा एरमेक रशियात गाडी चालवतो. ही घरी सासूच्या गाईची धार काढते, भाकऱ्या भाजते आणि उरल्या वेळात गोठ्यामागच्या खोलीत शहरातल्या दुकानांची इंटरनेटवरची पानं बनवते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पडत असतात, टेबलावर तारांचा गुंता, कथलाचा धूर. तिनं काय काय करून ठेवलं होतं! रात्री पारा उतरला की जर्दाळूच्या बागेत भोंगा वाजायचा. गोठ्यात पाऊल टाकलं की दिवा आपोआप लागायचा. सासू झूराकान आधी कौतुकानं सांगत फिरायची. पण म्हातारा गेला, मागोमाग गाय गाभडली, झोप उडाली, आणि म्हातारीला तोच दिवा बघून धडकी भरायला लागली. कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय!

गावचं वायफाय तिचंच काम. सासरा गेल्यावर लोक म्हणाले, अतांच्या नावानं विहीर खणू. सेझिम म्हणाली, विहिरी आहेत, पोरं परदेशात आहेत, त्यांची तोंडं दिसायला इंटरनेट आणू. गावानं अंगमेहनतीनं खांब उभा केला, तिनं पेटी बसवली, नाव ठेवलं 'एसेनकुल अता'. ती तेव्हा म्हणाली होती, याला पासवर्ड हवा. म्हातारे खवळले. "दानधर्माला कुलूप? पाणपोईला कुणी कुलूप लावतं का? पुण्य कुठून लागायचं?" राहिलं ते उघडंच. त्यावर तिनं एक पान केलं. मोबाइल जोडला की अतांचा हसरा फोटो यायचा, खाली लिहिलेलं असायचं, 'यांच्यासाठी दुवा करा', आणि त्याखाली 'ओमीन', म्हणजे आमीन. ओमीनवर बोट ठेवायचं, तळवे तोंडावरून फिरवायचे, की इंटरनेट सुरू. वर्षभर गाव दिवसातून शंभरदा ओमीन म्हणत होतं.

आज त्याच पानावरून अतांनी सुनेकडे बोट दाखवलं होतं.

"धरा तिला!" बक्शी गरजला.

आणि धरली की हो! परक्या कुणी नाही, आपल्याच माणसांनी. झूराकानचा भाऊ सामसाली सगळ्यात पुढे. धिप्पाड माणूस, खाटकाचं काम करणारा. त्यानं सेझिमची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला चुलीपासून फरफटत नेलं. पळी उडाली, रश्शाचा फवारा उडाला.

"मामा! मामा, मी आहे! मी सेझिम!"

"सेझिम नाही तू," सामसालीचं तोंड पांढरं पडलं होतं. "माझ्या भाऊजींच्या घरात काय आणलंस तू, रांडे?"

घोडे बांधायच्या खांबाला तिचे हात वर करून बांधले. बक्शीनं तिचा सदरा मानेपासून टरकावला आणि पहिला फटका ओढला. कातडं फाटल्याचा आवाज होतो. ऐकलाय का कधी? ओलं फडकं दगडावर आपटल्यासारखा. ती ओरडली.

"जिन्न ओरडतोय!" बक्शी म्हणाला. "बाई नाही ओरडत! ऐका, ऐका!"

दुसरा. तिसरा. मग तिनं दात आवळले, आवाज बंद केला.

"लपला! जिन्न लपला! मारल्याशिवाय निघायचा नाही!"

बघा न्याय! ओरडली तर जिन्न ओरडतोय, गप्प बसली तर जिन्न लपलाय. त्या बाईनं करावं तरी काय? मी गर्दीत घुसले, कोपरं मारत पुढे गेले. "अरे सोडा तिला! मरेल ती! अक्कल गहाण टाकलीत काय सगळ्यांनी?" दोघांनी मला मागे ढकललं. त्यातल्या एकाचं मी मागच्याच महिन्यात अपेंडिक्स ओळखून त्याला वाचवलं होतं.

"बुरुलसुन एजे, तुम्ही मधे पडू नका," तो म्हणाला. "अता स्वतः सांगताहेत."

"अता मेलेत! मी स्वतः डोळे मिटलेत त्यांचे!"

"म्हणूनच तर डोळे नाहीत फोटोत!" मागून कुणीतरी किंचाळलं आणि बायका छाती बडवायला लागल्या. म्हणजे मी बोलले तेही भुताच्याच पारड्यात पडलं.

पाठीवर आता कातडं कमी आणि रक्त जास्त दिसत होतं. चाबूक बरगडीवर बसला तेव्हा तिची मान एकदम लटकली. मी बक्शीच्या पुढ्यात उभी राहिले.

"नाडी बघू दे. मेली तर जिन्न कुणातनं काढशील? नाव तुझंच खराब व्हायचं."

हे मात्र त्याला पटलं. गुरांचा दलालही मेलेलं जनावर विकत नाही. "बघ," तो म्हणाला. "लवकर."

मी तिचं तोंड हातात घेतलं. ओठ फाटला होता. नाडी धावत होती.

"एजे," ती कुजबुजली. "ते पान माझं नाही. माझ्या पानावर अतांना डोळे आहेत. आतल्या कपाटावर पेटी आहे... तिची वायर काढा. ती बंद झाली की पान यायचं थांबेल. सगळ्यांना दाखवा."

मी धावले. कपाटावरच्या पेटीचे हिरवे दिवे लुकलुकत होते. वायर उपटली, दिवे विझले. बाहेर येऊन मी पेटीच डोक्यावर धरली आणि ओरडले, "ही बघा तुमच्या अतांची पेटी! वायर काढली! आता बोलवा त्यांना! बघू कसे बोलतात ते!"

सगळे मोबाइलकडे बघत राहिले. बक्शी तिथेच उभा होता, डावा हात खिशात.

आणि मोबाइल पुन्हा गुरगुरले.

"वायर काढली तरी मी बोलतो. मारा."

अरे देवा! जो गलका उठला! ज्यांच्या मनात तोवर थोडी शंका होती तेही गुडघ्यांवर बसले. झूराकान माती डोक्यावर घ्यायला लागली. ज्या हातांनी मी पुरावा आणला होता त्याच हातांनी मी त्या पोरीचं मरण जवळ आणलं. चाबूक परत सुरू झाला, आता जोरात, मोजदाद न करता. दोघा बाप्यांनी तिचे पाय धरले. दोर सुटला, ती खाली पडली, मातीत तिचा उजवा हात पसरला.

"ही बोटं!" सामसाली ओरडला. "याच बोटांनी बोलावलं तिनं!" आणि बूट घातलेली टाच त्यानं त्या बोटांवर दिली, सगळ्या वजनानिशी.

हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते. दोनदा आला. सेझिमच्या तोंडून किंकाळीसुद्धा बाहेर पडली नाही, नुसती हवा आली. मी तिच्या अंगावर आडवी पडले. एक फटका माझ्या खांद्यावर बसला.

"एजे." माझ्या कानाशी ती हसली. खरंच सांगते, दातांवर रक्त आणि ती हसली. मला वाटलं, पोर गेली हातची, वेड लागलं. "एजे, बरं झालं."

"काय बरं झालं, बाळा?"

"माझी पेटी बंद आहे, तरी पान येतंय. म्हणजे दुसरी पेटी इथंच आहे. त्यानं नाव तेच ठेवलंय. मोबाइलला नाव कळतं एजे, मालक नाही कळत. नाव तेच आणि कुलूप नाही, की जोडला जातो आपोआप." तिला धाप लागली. "आणि वायर काढल्याचं अतांना कळलं कसं? तुम्ही ओरडलात ते ज्यानं ऐकलं, त्यानंच लिहिलं. पेटी पत्र्यात कोंडा. पत्र्यातनं ती बोलू शकत नाही."

"पण कुठली पेटी? कशात आहे?"

"त्यानं बरोबर काय आणलंय?"

चाबूक, झगा आणि घुबड. चाबकात काही मावत नाही. झगा त्याच्या अंगावर. मी मान वर केली. काठीवर बसून घुबड काचेच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं.

मी फार चपळ बाई नाही. वजन विचारू नका. पण त्या दिवशी मी उठले ती थेट काठीवर झडप घातली. घुबडाची मान धरली आणि पळत सुटले. बक्शी इतका वेळ मेलेल्यांशी शांतपणे बोलत होता, तो पहिल्यांदाच माणसासारखा ओरडला, "एऽ! ठेव ते! ठेव खाली!" चाबूक माझ्या तोंडावर आला. डावा गाल कानापर्यंत फाटला, आजही व्रण आहे. कुमीसचा मोठा ॲल्युमिनियमचा कॅन मांडवाच्या कडेला होता, घागरीसारखा, वर झाकण दाबून बसवायचं. मी तो लाथेनं आडवा केला, उरलंसुरलं कुमीस मातीत गेलं. घुबड आत कोंबलं, झाकण दाबलं, कॅन उभा केला आणि त्याच्यावर चढून बसले. आता उठवा मला!

लोक धावून आले. कुणी माझी बाही ओढली, कुणी केस. मी दोन्ही हातांनी कॅनच्या कड्या धरल्या होत्या. गालाचं रक्त मांडीवर ठिबकत होतं.

"आधी मोबाइल बघा!" मी ओरडले. "मारायचंय तर मारा, पण आधी मोबाइल बघा! विचारा अतांना, या जाडीचं काय करायचं ते!"

झूराकाननं पाहिलं. ती बिचारी मघापासून मोबाइल उराशी धरून होती. तिनं ओमीनवर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा. तळवे तोंडावरून फिरवले, परत बोट ठेवलं.

"गप्प झाले," ती म्हणाली. "म्हातारा गप्प झाला."

एकेकानं आपापला मोबाइल दाबायला सुरुवात केली. पान येईना, नावही दिसेना.

"ही बाई माझ्या घुबडाला गुदमरवतेय!" बक्शी ओरडला. "त्याचा जीव जातोय! शाप लागेल गावाला!"

पुढच्या पंगतीतला एक बहिरट म्हातारा इतका वेळ मटण चघळत होता. तो म्हणाला, "भुसा भरलेलं ना रे ते? गुदमरेल कसं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. भीतीनंच हसलं असेल, पण हसलं. माझी बाही सुटली.

मी कॅनवरून उतरले. झाकण उघडलं. "आता बघा." श्वास घेते न घेते तोच मोबाइल गुरगुरायला लागले, बिनडोळ्यांचे अता हजर. झाकण लावलं, दाबलं. "आता?" अता गायब. पुन्हा उघडलं, अता हजर. पुन्हा लावलं. 

"सामसाली," मी म्हटलं, "इकडे ये. तूच उघड. तूच लाव. माझ्यावर नको विश्वास ठेवू."

त्यानं उघडलं, लावलं, उघडलं. दर खेपेला दुसऱ्या हातातल्या मोबाइलकडे बघत होता. मग कमरेचा सुरा काढून त्यानं घुबडाचं पोट फाडलं. आधी भुसा आणि कापूस निघाला. मग आगपेटीएवढी हिरवी इलेक्ट्रॉनिक पाटी, तिच्यावर निळा दिवा लुकलुकतोय, आणि तिला जोडलेली मोबाइल चार्ज करायची बॅटरी.

"आता याचा डावा हात खिशातनं बाहेर काढा," मी म्हटलं. "इथे सगळ्यांनी मोबाइल हातात धरलाय. याचाच तेवढा खिशात कसा?"

बक्शी पळाला. पाच पावलंही गेला नसेल. त्याला पाडलं, हात पिरगाळून खिशातून काढला. मुठीत मोबाइल होता. त्यावर अर्धवट लिहिलेलं तसंच होतं: "हिलाही बां".

हिलाही बांधा, लिहीत होता. म्हणजे मला.

आता ऐका. इथे गोष्ट संपली, खोटं उघडं पडलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही क्षणभर वाटलं. पण त्याच माणसांनी, त्याच हातांनी, तोच चाबूक उचलला. कुणी बुटानं, कुणी काठीनं, कुणी कढईखालच्या जळत्या लाकडानं. त्याच्या पुढच्या दातांचा चुरा झाला, एक कान फाटून लोंबायला लागला. तो गुरासारखा हंबरत होता. सामसालीनं त्याच्या मानेवर गुडघा दिला, सुरा अजून हातातच होता. मघाशी तिला मारताना जो चेहरा होता तोच आताही होता. तसूभरही फरक नाही.

"थांबा!" मी ओरडले. मला कोण विचारतो? पण मातीत कोपरावर रेलून सेझिम बोलली, आणि तिचं मात्र ऐकलं सगळ्यांनी. कदाचित लाज वाटली असेल.

"मारू नका त्याला."

"तू याची कीव करतेस?" सामसाली म्हणाला.

"कीव नाही करत. तो मेला तर उद्या तुम्हीच म्हणाल, जिन्नानं मारलं. तो जिवंत पाहिजे मला. हे कसं केलं ते त्याच्याच तोंडानं सगळ्यांना सांगू दे."

आणि त्यानं सांगितलं, मोडक्या जबड्यानं, रक्त गिळत गिळत. मागच्या आठवड्यात तो झूराकानकडेच चहाला आला होता. मोबाइल जोडला तेव्हा अतांचा फोटो आला. हे पान त्यानं जसंच्या तसं उतरवून घेतलं. शाळेत शेजाऱ्याच्या वहीवरून गणित उतरवायला जेवढी अक्कल लागते तेवढीच लागते त्याला. घरी बसून डोळे खोडले. ती आगपेटीएवढी पाटी कुठल्याही बाजारात मिळते. आमची सेझिम तसलीच पाटी जर्दाळूच्या बागेत लावते, थंडी सांगायला. पाटीला अतांच्या वायफायचं नाव दिलं आणि घुबडाच्या पोटात बसवली. झग्यातल्या मोबाइलवर लिहिलं की पाटी ते अंगणभर दाखवायची. संपला चमत्कार.

"पण मलाच का?" सेझिमनं विचारलं.

 उत्तर झूराकानला ठाऊक होतं. ती तिथेच बसली होती, मातीनं भरलेलं डोकं गुडघ्यांत घालून. "त्यानं मला विचारलं होतं," ती म्हणाली. "चहा पिताना. हे वायफाय कुणी बसवलं, गावात यातलं कुणाला कळतं? मी म्हटलं, माझ्या सुनेला. एकट्या माझ्या सुनेलाच कळतं. मी अभिमानानं सांगितलं गं."

म्हणून. गावात ज्या एका माणसाला त्याचा डाव कळला असता, त्यालाच त्यानं खांबाला बांधलं. भोंदू मूर्ख नसतो. तो आधी बघतो, इथे दिवा कुणाच्या हातात आहे, आणि तोच हात मोडायला गर्दीला सांगतो.

पोलिस आले, त्याला घेऊन गेले. त्याआधी मी त्याचा कान शिवला. माझ्या गालाचे टाके मात्र तालुक्याच्या डॉक्टरनं घातले, जरा वाकडेच घातले. पाठीच्या जखमांमुळे सेझिम महिनाभर पालथी झोपली. उजव्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत. एरमेक रशियातून आला, मामाला मारायला निघाला, तिनं त्यालाही थोपवलं. "झालं तेवढं मारणं बास," म्हणाली.

वायफाय बंदच होतं. गाव आठवडाभर गप्प बसलं, मग चुळबुळ सुरू झाली. पोरांची तोंडं दिसत नव्हती ना! शेवटी तिनं पेटी लावली, पण आता पासवर्ड घातला. तो हवा असेल त्यानं तिच्या दारात यायचं आणि तिच्यासमोर मोबाइलमध्ये टाकायचा. आधी जुनं उघडं नाव मोबाइलमधून पुसायचं. "उघड्या वायफायला मोबाइल आपणहून जोडू देऊ नका," ती प्रत्येकाला सांगायची, डाव्या हातानं दाखवत. "हा खटका असा बंद करा. नाव ओळखीचं दिसलं म्हणून पेटी ओळखीची नसते. आणि पान उघडलं की ओमीन म्हणायच्या आधी विचारा, हे आलं कुठून?" ज्यांनी तिचे पाय धरले होते तेही आले, मान खाली घालून शिकून गेले.

सगळ्यात शेवटी सामसाली आला. मी तेव्हा तिच्या हाताची पट्टी बदलत होते. तो उंबऱ्यात बसला, टोपी काढून. पोरगा परदेशात, बोलणं नाही झालेलं. तिनं त्याचा मोबाइल घेतला, पुसायचं ते पुसलं, पासवर्ड सांगितला. त्यानं जाड अंगठ्यानं तो चुकत माकत टाकला. तरी उठेना.

"पोरी," तो म्हणाला, "आम्हाला तरी कसं कळावं? डोळ्यांसमोर दिसत होतं. मेलेला माणूस लिहीत होता. वायर काढली तरी लिहीत होता. आम्ही काय शिकलेले?"

"नव्हतंच कळण्यासारखं, मामा," सेझिम म्हणाली. "पहिल्यांदा मलाही नाही कळलं."

त्याला बरं वाटलं. मान वर झाली.

"पण मग," ती म्हणाली, "काय चाललंय ते आपल्याला कळत नाही, एवढं तर तुम्हाला कळत होतं ना? मग टाच का उचललीत?"

सामसाली उंबऱ्यातच रडला, खाटीक माणूस, लहान पोरासारखा. तिनं त्याला गप्प केलं नाही. मीही केलं नाही.

मला लोक अजून विचारतात, बुरुलसुन एजे, पाटी सापडली म्हणून बरं, नसती सापडली तर? मी म्हणते, नसती सापडली तरी ती निर्दोषच होती, बाबांनो! प्रत्येक घुबडाचं पोट फाडायला मी काही हजर नसणार. उद्या तुमच्यासमोर असं काही घडेल की तुमची मती गुंग होईल, आणि कॅन उघडून दाखवणारं तिथे कुणी नसेल. तेव्हा एवढंच करा. म्हणा, मला हे कळलं नाही. म्हणायला लाज वाटू देऊ नका. शोधा, विचारा, थांबा, वर्षभर थांबा हवं तर. पण न कळलेल्या गोष्टीसाठी कुणाच्या अंगावर हात टाकू नका.